चार मिली पाणी

"मॅडम, चिडू नका ना. आणतो की मी रजिस्टर," विश्वजीत म्हणाला, आणि करुणा दाभाडेच्या हातातलं पेन कागदावर तसंच टेकून राहिलं. चिडण्यासारखं काही घडलंच नव्हतं. जाधववाडीतल्या त्या खत-औषधांच्या दुकानात ती नेहमीसारखी साठा तपासायला आली होती, दुकान बऱ्यापैकी नीटनेटकं होतं, आणि मालकाचा हा पंचविशीतला मुलगा तिला बघून उगाच तंतरतो, एवढंच काय ते वावगं. खरं सांगायचं तर त्या क्षणी ती घरच्या नळाला आज पाणी येतंय की उद्यावर गेलंय, याचा विचार करत होती. पण तो 'चिडू नका' म्हणाला. गेल्या पाच महिन्यांत हे तिला कोणी म्हटलं नव्हतं. त्याआधीची पंचवीस वर्षं मात्र रोज कोणी ना कोणी म्हणत आलं होतं, दुकानदार म्हणायचे, शिपाई म्हणायचे, एकदा तर रक्तदाब मोजणारी नर्ससुद्धा म्हणाली होती. करुणाचा डावा हात आपोआप कपाळाकडे गेला. घाम पुसतेय असं दाखवत तिने दोन भुवयांच्या मधली जागा बोटाने चाचपली. तिथे ती होती. आठी. पूर्वीइतकी खोल नव्हती, पण उभी, नाकाच्या मुळाशी येऊन थांबलेली, जणू गावाला गेलेलं माणूस न सांगता परत येऊन ओसरीवर बसावं तशी.

रिक्षात बसल्यावर तिने फोनचा कॅमेरा स्वतःकडे फिरवला. एप्रिलचं ऊन सरळ तोंडावर येत होतं, त्यात काहीच लपत नव्हतं. तिने मुद्दाम भुवया जवळ आणल्या, आठी पडली. सोडल्या, गेली, पण सगळी गेली नाही, पुसलेल्या पाटीवर खडूचा माग राहतो तेवढी राहिली. मनातल्या मनात दिवस मोजायला तिला वेळ लागला नाही, कारण तारीख तिच्या डायरीत होती. आठी घालवायचं इंजेक्शन दुसऱ्यांदा घेतल्याला एकेचाळीस दिवस. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या तीन ते चार महिने, आणि पहिल्या वेळी तेवढे मिळालेही होते. मग या वेळी एकेचाळीस दिवसांत कसं ओसरलं? क्रांती चौकाच्या सिग्नलला रिक्षा थांबली तोवर तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकून झाली होती, आणि सिग्नल सुटला तेव्हा शंका उरलीच नव्हती, तिची खात्री झाली होती. पाणी. औषधात पाणी जास्त घातलं होतं. नुसता तर्क नव्हता हा. घालताना तिने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. आणि घालणारा हात मोनिकाचा होता, तिच्या स्वतःच्या भाचीचा.

संशय हे करुणाच्या पोटापाण्याचं काम. कृषी खात्यात निरीक्षक म्हणून तिने पाव शतक कीटकनाशकांच्या बाटल्या उजेडाला धरून बघितल्या, बियाण्यांच्या पिशव्यांची शिलाई नखाने उचकून पाहिली, बॅच नंबर खरवडून दुसरा छापलाय का ते भिंग लावून तपासलं. बहुतेक दुकानदार सरळ असतात हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण सरळ माणसं शोधायला कोणी निरीक्षक नेमत नाही. त्यामुळे समोरच्याचं बोलणं ऐकताना ती त्याच्या हातांकडे बघायची, हात बघताना मागच्या कपाटाकडे, आणि या बघण्यात कपाळाचं काय होतंय याची तिला कधी कल्पना आली नव्हती. ती आली मागच्या दिवाळीच्या आधी. फुलंब्रीला शेतकऱ्यांच्या मेळाव्यात तिचं फवारणीवर भाषण झालं होतं. चांगलं झालं होतं भाषण. औषध एकरावर मोजा, पाण्यावर मोजू नका, पाणी हे औषध पोचवणारी गाडी आहे, गाडी मोठी केली म्हणून माल वाढत नाही आणि कमीही होत नाही, फक्त लांबवर पसरतो, असं ती म्हणाली आणि लोक हसले होते. कोणीतरी त्याचं चित्रीकरण करून ग्रुपवर टाकलं. रात्री जेवताना तिने ते लावलं आणि घास हातातच राहिला. पडद्यावर ती नव्हतीच. मनकर्णाबाई बोलत होती.

मनकर्णाबाई तिची आई. कन्नडजवळच्या खेड्यात लोकांच्या रानात खुरपायला जायची. घरातून निघताना पिठाच्या डब्यातलं पीठ हाताने सपाट करायची आणि त्यावर उजव्या हाताचा पंजा उमटवून झाकण लावायची. संध्याकाळी आली की आधी डबा उघडून पंजा शाबूत आहे का बघायची, मग पाणी प्यायची. आता घरात दुसरं होतं कोण? बाप परागंदा, आणि दोन पोरी, करुणा आणि तिच्यापेक्षा लहान सुलेखा. चोर म्हणजे या दोघींपैकीच कोणीतरी. एकदा भुकेने कासावीस होऊन सुलेखाने मूठभर पीठ गुळात कालवून खाल्लं आणि डब्यातलं पीठ सपाट करून त्यावर स्वतःचा पंजा उमटवला. सात वर्षांच्या पोरीचा पंजा तो. मनकर्णाबाईने हात उगारला नाही, शिवी दिली नाही. डबा सुलेखाच्या पुढ्यात ठेवला आणि कपाळाला आठी घालून नुसती बघत राहिली. करुणाला अजून तो चेहरा दिसायचा. मार खाल्ला असता तर परवडला असता, असं तेव्हा तिला वाटलं होतं, आणि मोठी झाले की मी असं कोणाकडे बघणार नाही, असंही वाटलं होतं. लहानपणी माणूस काय काय ठरवतं! आता फुलंब्रीच्या मंडपातून तोच चेहरा, तीच आठी घेऊन, चारशे लोकांना फवारणीचं शास्त्र सांगत होता.

"मावशी, आमच्या मॅडमकडं बोटॉक्स घे की. चार-पाच टोचण्या असत्यात, काय नाय होत," असं मोनिकाच म्हणाली होती. मोनिका म्हणजे सुलेखाची मुलगी. सुलेखा कावीळ होऊन गेली तेव्हा मोनिका बारा वर्षांची होती. करुणाने लग्न केलं नव्हतं, उस्मानपुऱ्यात दोन खोल्यांचा फ्लॅट होता, तिने पोरीला आणलं, शिकवलं, नर्सिंग पूर्ण करायला लावलं. आता मोनिका चोवीस वर्षांची, घरापासून चालत दहा मिनिटांवर डॉक्टर अपेक्षा तांगडे यांच्या त्वचेच्या दवाखान्यात नोकरीला. तिथे सगळी तयारी तीच करायची. करुणाने आधी उडवून लावलं, या वयात ही थेरं कशाला म्हणाली, आणि दिवाळी झाल्यावर गुपचूप जाऊन खुर्चीत बसली. दहाव्या दिवशी कपाळ गुळगुळीत झालं. आणि मग जे झालं त्याची तिला चटक लागली, हे कबूल करायला हवं. दुकानदार तिच्याशी बोलायला लागले. एकाने पोरीच्या लग्नाचे फोटो दाखवले. शिपायाने चहा देताना विनोद केला. ती आतून तशीच होती, हात बघायची, कपाट बघायची, पण समोरच्याला ते कळत नव्हतं, आणि कळत नसल्यामुळे तो मोकळा व्हायचा. लोक आपल्याशी असेही वागू शकतात, हे एक्कावन्नाव्या वर्षी कळणं म्हणजे थोडं वाईटच. तिला रात्री एकटीला रडूही आलं होतं. ते सुखाचं होतं की कसलं, हे तिने फार उकरलं नाही.

दुसरी वेळ मार्चमध्ये आली, पहिल्याचा असर पुरता ओसरायच्या आत. खुर्चीत मागे रेलून बसल्यावर समोरच्या काचेच्या कपाटात तिला मोनिकाची पाठ आणि हात दिसत होते. बघायचं ठरवून ती बघत नव्हती. तिचे डोळे तिचं ऐकतच नसत. मोनिकाने छोट्या फ्रिजमधून बाटली काढली. करंगळीच्या पेरापेक्षा थोडी मोठी, आणि चक्क रिकामी! तळाला धुकं धरल्यासारखं काहीतरी होतं, बस. पहिल्या वेळीही बाटली अशीच होती, तेव्हा मोनिकाने हसत सांगितलं होतं की मावशी, औषध इतकंच असतं, वाळवलेलं, डोळ्याला दिसत नाय, त्यात सलाईन घालून विरघळवायचं. सलाईन म्हणजे मिठाचं पाणी. त्या दिवशी मोनिकाने सिरिंजमध्ये अडीच मिली घेतलं होतं. करुणाला आकडा लक्षात होता, कारण मापाच्या रेघा वाचल्याशिवाय तिला सिरिंज दिसतच नसे. या वेळी मोनिकाने दोन मिली घातलं. मग पुन्हा दोन मिली. बाटली पाणी आपसूक आत ओढून घेत होती. मोनिकाने ती न हलवता हलकेच तळव्यात फिरवली, उजेडाला धरली, आणि दारातून डॉक्टरबाई आत आल्या. चार मिली. टोचून झाल्यावर करुणा घरी आली, डायरीत तारीख टाकली आणि खाली लिहिलं: मो. – ४ मिली. मागच्या वेळी २.५. का लिहितेय, असं तिने स्वतःला विचारलं नाही. पंचवीस वर्षं ती हेच करत आली होती.

आता त्या नोंदीला अर्थ आला. रिक्षावाल्याला पैसे देऊन ती जिना चढली तेव्हा मोनिका घरातच होती, पाणी आलं होतं, आणि ती मोरीत पाइप लावून ड्रम भरत होती. पाच दिवसांनी नळ आला की घरातली रिकामी भांडी, बादल्या, कुकरसुद्धा रांगेत लागायचे. "मावशी, आज जोर चांगला हाय पाण्याला," ती आतून ओरडली. करुणा चप्पल काढताना मोनिकाच्या सँडलकडे बघत राहिली. नवे होते. फोनही मागच्या महिन्यात नवा घेतलेला. रविवारी ती सिडकोत सायलीच्या पार्लरवर जायची. सायली तिची नर्सिंगची मैत्रीण, नोकरी सोडून पार्लर टाकलेली. नुसती गप्पा मारायला जाते म्हणायची. दर रविवारी कसल्या एवढ्या गप्पा? बाटलीतलं निम्मं औषध आधीच काढून घ्यायचं, उरलेल्यात पाणी वाढवायचं, बाटली भरलेली दिसणारच, डॉक्टर बिचाऱ्या त्यातूनच टोचणार, आणि काढलेलं निम्मं सायलीच्या पार्लरमध्ये कोणाच्या तरी कपाळात जाणार. इतकं स्वच्छ जुळलं की करुणाला घाम फुटला. दुकानदारांचं असं जुळलं की तिला बरं वाटायचं. आज ती चप्पल हातात घेऊनच मोरीच्या दाराशी गेली.

"रविवारी कुठं होतीस गं?" ती दारात उभी राहून म्हणाली.

"सायलीकडं. तुला सांगून तर गेल्ते."

"काय करता एवढं तिथं?"

मोनिकाने पाइप एका ड्रममधून दुसऱ्यात टाकला आणि मान वर करून बघितलं. बघितलं ते सरळ करुणाच्या कपाळाकडे, डोळ्यांकडे नाही, आणि क्षणभर बघून तिचा चेहरा सैलावला. ती चक्क हसली. "काय नाय गं. तिची लेक चालायला लागली, तिला खेळवते. तू चिडली का?"

दिवसात दुसऱ्यांदा. आणि ही पोरगी आठी बघून हसली का? सुटले, मावशीला काही कळलं नाही, म्हणून? की असर गेला हे तिने ताडलं आणि घाबरून हसली? करुणाने ते हसू झोपेपर्यंत उलटसुलट करून बघितलं. मोनिका शेजारच्या खोलीत फोनवर काहीतरी ऐकत पडली होती. याच पोरीला तिने बारा वर्षांपूर्वी न्हाऊ घातलं होतं, तिच्या उवा काढल्या होत्या, पहिल्यांदा पाळी आली तेव्हा आईसाठी हंबरडा फोडणाऱ्या तिला छातीशी धरून रात्रभर बसली होती. तिच्याबद्दल असा विचार करताना जीभ झडेल असं वाटायला हवं. वाटत होतंही. पण वाटणं एकीकडे आणि चार मिली एकीकडे.

सरळ विचारावं, असं तिच्या मनात आलं नाही असं नाही. चार दिवस सकाळ-संध्याकाळ आलं. चहा गाळताना वाक्य तयार व्हायचं आणि चहा ओतेपर्यंत विरून जायचं. कारण विचारलं की माणूस सावध होतं, पुरावा हलवतं, हे तिला नोकरीने शिकवलेलं; आणि न विचारता धाड घातली की काय होतं, हेही नोकरीनेच शिकवलेलं. आठ वर्षांपूर्वी कन्नडला कडुबा नावाच्या दुकानदाराकडून नेलेलं औषध कपाशीवर चाललं नाही. लोक म्हणाले, बाटलीत पाणी हाय. तिने कडुबाला एक प्रश्न विचारला नाही, सगळा साठा सील केला, नमुने प्रयोगशाळेत पाठवले. अहवाल सात महिन्यांनी आला: औषध उत्तम. चूक फवारणाऱ्यांची होती. पाठीवरच्या पंपाचं माप त्यांनी ट्रॅक्टरच्या मोठ्या टाकीला लावलं होतं, म्हणून औषध कमी पडलं होतं. तोवर कडुबाने दुकान काढून टाकलं होतं. पुढे कन्नडच्या स्टँडवर तो तिला भेटला, जीप चालवत होता. "या मॅडम, पुढच्या शिटावर बसा, मागं दाटी हाय," म्हणाला. अगदी मनापासून म्हणाला. शहर येईपर्यंत दीड तास ती त्याच्या शेजारी बसली आणि तिला माफी मागता आली नाही. तो पावसापाण्याचं बोलत राहिला. तेव्हा तिने कानाला खडा लावला होता, आता पुन्हा म्हणून असं करायचं नाही. पण खडे लावायला कान दोनच, आणि पाचव्या दिवशी दुपारी, मोनिका बँकेत गेली असेल असा हिशोब करून, करुणा डायरी पर्समध्ये घालून डॉक्टर तांगड्यांच्या केबिनमध्ये जाऊन बसली.

हिशोब चुकला. मोनिका तिथेच होती, कोपऱ्यातल्या टेबलावर फाइली लावत. "मावशी? फोन करायचा ना," म्हणाली आणि पाणी आणायला वळली. डॉक्टर अपेक्षा चाळिशीच्या, मोकळ्या स्वभावाच्या बाई. म्हणाल्या, "बोला ना, काय झालं?" आता मागे फिरता आलं असतं. रक्तदाबाच्या गोळ्यांचं काहीतरी विचारून उठता आलं असतं. करुणाने पर्स उघडली, डायरी काढली आणि तिचा आवाज आपोआप कचेरीतला झाला. "नोव्हेंबरमध्ये अडीच मिली सलाईन घातलं होतं. मार्चच्या अठरा तारखेला चार मिली. माझ्या समोर. एकेचाळीस दिवसांत असर गेला. यात औषध किती होतं, हे मला कळायला हवं." हातात पाण्याचा ग्लास घेऊन मोनिका तिच्या मागेच उभी होती. करुणाला ती दिसत नव्हती. पण डायरीचं पान उघडं होतं आणि त्यावर मोठ्या अक्षरात 'मो.' लिहिलं होतं.

डॉक्टर आधी हसल्या, मग त्यांनी हसू आवरलं. "पाण्यावर जाऊ नका हो तुम्ही," त्या म्हणाल्या. "बाटलीत शंभर युनिट असतात. अडीच मिली घाला, चार मिली घाला, शंभरची शंभरच राहतात. तुम्हाला किती युनिट टोचली ते बघायचं. पाणी जास्त असलं तर औषध टोचलेल्या जागेच्या आजूबाजूला जास्त पसरतं, कमी असलं तर जागच्या जागी राहतं, एवढाच फरक. आणि थोडी थोडी युनिट द्यायची असतील तर मी मुद्दाम पातळ करायला सांगते, म्हणजे सिरिंजवर नीट मोजता येतात. चार मिली मीच सांगितलं होतं." करुणा ऐकत होती आणि तिला फुलंब्रीचा मंडप दिसत होता. औषध एकरावर मोजा, पाण्यावर मोजू नका. चारशे लोकांना हसवून सांगितलेलं तिचं स्वतःचं शास्त्र एक डॉक्टरीण तिला शाळकरी पोरीला सांगावं तसं सांगत होती, आणि ते स्वतःच्या कपाळापुरतं तिला सुचलं नव्हतं. कानशिलं तापली. पण तिच्यातली निरीक्षक एवढ्यावर उठणारी नव्हती. "थोडी युनिट का पण?" ती म्हणाली. "पहिल्या वेळेइतकीच का नाही?"

आता डॉक्टरांनी फाइल उघडली, वाचली आणि गोंधळून वर बघितलं. "पहिल्या वेळी भुवयांच्या मध्ये वीस दिली होती. या वेळी दहा. कमी दिली म्हणून लवकर उतरलं. पण ते तर तुम्हीच सांगितलं होतं ना? मोनिकाजवळ निरोप दिला होता, की कपाळ फार गोठल्यासारखं वाटतं, थोडं हलू द्या. मी तुम्हाला खुर्चीत पुन्हा विचारायला हवं होतं, ती माझी चूक. पण घरचंच माणूस म्हणून..." त्या थांबल्या. त्यांनी करुणाकडे बघितलं, मग करुणाच्या मागे. "निरोप तुमचाच होता ना?"

असा निरोप तिने दिला नव्हता. एवढं एकच वाक्य खरं होतं आणि ते जिभेवर आलं होतं. पेशंटच्या नावाने डॉक्टरला खोटं सांगून डोस बदलायला लावणारी नर्स कोणी ठेवणार नाही. या दवाखान्यात नाही आणि गावात बभ्रा झाल्यावर कुठेच नाही. 'नाही' म्हटलं की मोनिकाचं सगळं शिक्षण, सगळी नोकरी इथे या टेबलावर संपत होती. 'हो' म्हणायला एक अक्षर लागत होतं. करुणाने आयुष्यात खोटा जबाब दिला नव्हता आणि कोणाचा चालवून घेतला नव्हता. भिंतीवरचं घड्याळ वाजत होतं. मागून ग्लास ठेवल्याचा आवाज आला नाही, म्हणजे मोनिका तो हातात धरूनच उभी होती. सुलेखाची लेक. का केलं असेल हिने? निम्मं औषध नेलं कुठे? अजूनही, या क्षणीसुद्धा, तिच्या मनाने हाच प्रश्न आधी विचारला. मग ती म्हणाली, "हो. मीच दिला होता. विसरले." डॉक्टरांनी सुटकेचा श्वास सोडला. पण मधे गेलेला वेळ तिघींनीही मोजला होता.

मोनिका तिला खाली सोडायला आली. फाटकाशी रिक्षा उभ्या होत्या. दोघीही त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"का सांगितलंस तसं?" करुणा म्हणाली.

मोनिकाचा आवाज चिरका येत होता. "पहिल्या टायमाला तुझं कपाळ पार सपाट झालं ना, तवा मी एकदा उशिरा आले. तू दार उघडलं. अन् मला कळंना, तू चिडली का नाय. नुसती बघत होती तू. मला लई भ्याव वाटलं, मावशी. आई गेल्यापासून मी तुझं कपाळ बघूनच घरात पाय ठेवते. आठी असली की आत जाऊन गप बसायचं, नसली की तुझ्या गळ्यात पडायचं. एवढंच ठाऊक होतं मला. तेच दिसंना झालं. मला वाटलं, थोडी राहू द्यावी." तिने ओढणीने नाक पुसलं. "चूक झाली माझी. मॅडमला खोटं बोलायला नको होतं. पण तू मला एकदा इचारायचं तरी. तू तर तारीख घालून ठेवली माझी."

करुणाला रिक्षांच्या समोर, भर उन्हात, तिला जवळ घ्यायचं होतं. हात उचललाही गेला. पण मोनिका, "येते, पेशंट थांबलेत," म्हणून जिना चढून गेली होती. सायलीची लेक खरंच चालायला लागली आहे का, हे आता कधी विचारता येणार नाही, असं करुणाच्या मनात आलं, आणि असं आलं म्हणून तिला स्वतःची किळस वाटली.

त्यानंतर घरात भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं. मोनिका पहिल्यापेक्षा जास्त वेळेवर यायला लागली. निघताना कुठे जाते, किती वाजता येणार, हे न विचारता सांगायला लागली. आली की पर्स टेबलावर उघडी ठेवायची, चेन पूर्ण सरकवलेली, आतला डबा, कंगवा, रुमाल सगळं दिसेल अशी, आणि मग हातपाय धुवायला जायची. करुणा पर्सकडे बघायची नाही. न बघण्यासाठी तिला खिडकीशी जाऊन उभं राहावं लागायचं. एकदा तिने पर्सची चेन लावून ठेवली. मोनिकाने बाहेर येऊन ती पुन्हा उघडली, रागाने नाही, विसरलेलं काम करावं तशी. रविवारचं सिडकोला जाणं बंद झालं. "जा की गं," करुणा म्हणाली, तर "नको, काम हाय," एवढंच उत्तर आलं. करुणाने डायरीतलं ते पान फाडून बारीक तुकडे केले आणि मोनिकाला दिसेल असे कचऱ्यात वर ठेवले. दिसले असतील.  कपाळाकडे तर ती बघेनाशीच झाली. आठी आता रोज पडायची, आणि ती बघायला घरात कोणी नव्हतं.

तीन महिने झाल्याशिवाय पुन्हा टोचत नाहीत. जूनच्या अखेरीस मोनिकानेच वेळ ठरवली. "शुक्रवारी चारला ये. या बारीला पूर्ण वीस देणारेत. मॅडमला सांगितलंय." नको म्हणायचं करुणाने ठरवलं होतं, पण नको म्हटलं तर त्याचा अर्थ मोनिकाच्या हातावर विश्वास नाही असा होईल, म्हणून ती गेली. खुर्चीत रेलली आणि तिने डोळे मिटून घेतले. काचेच्या कपाटाकडे बघायचं नाही, काहीही झालं तरी. फ्रिज उघडल्याचा आवाज आला. मग पावलं आली, आणि ती कपाटाकडे न जाता खुर्चीशी थांबली.

"मॅडम," मोनिका म्हणाली.

डॉक्टर अजून आल्या नव्हत्या. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. करुणाने डोळे उघडले. मोनिकाने ट्रे तिच्या पुढ्यात आणला होता. "बाटलीचं सील बघून घ्या. शंभर युनिट हायत, वर छापलंय." तिने बाटली फिरवून धरली. आवाजात टोमणा नव्हता, राग नव्हता, कामावरच्या बाईचा स्वच्छ आवाज होता. मग तिने सिरिंज भरली, हवा काढली आणि करुणाच्या डोळ्यांसमोर उभी धरली. "अडीच मिली सलाईन. बघा."

बाळा, नको. भर तू. मला काही बघायचं नाही. हे सगळे शब्द करुणाच्या तोंडात तयार होते, दोन महिन्यांपासून होते, आणि आता बोलायचे तर आताच. तिने तोंड उघडलं. पण डोळे त्याआधीच रेघांवर जाऊन पोचले होते. एक, दोन, आणि वर निम्मी. बरोबर अडीच. तिचे डोळे कुठे गेले, कुठे थांबले आणि केव्हा निवांत झाले, हे मोनिकाने सगळं बघितलं. तिने मान डोलावली आणि सुई बाटलीत घातली.